कायतानची अळणी न्याहारी

१४ जानेवारी १९५८, मंगळवार

फेकली! अख्खी वाटी अंगणात फेकली. नाचणीचं सत्त्व — पहाटे उठून घोटलेलं, एक गाठ नाही. कोंबड्यांनी दोन चोची मारल्या आणि त्याही बाजूला झाल्या.

‘ह्या माणसाक घालतंस?’ म्हणाला.

हा माझा धाकटा भाऊ, कायतान. चोवीस वर्षं जहाजावर कुक. साहेबलोकांना सकाळी पाच-पाच पदार्थ करून वाढणारा. त्याच्यापुढे माझ्यासारख्या मास्तरणीने काय वाढावं? मला आयुष्यात तीन गोष्टी रांधता येतात, तिन्हींत मीठ लागतं.

नाताळात सुटीवर आला तो पाय सुजवून. बूट कापून काढावे लागले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि प्रेशरचा आकडा सांगितला — दोनशे दहा! ‘मीठ बंद. आजपासून. चिमूटभरही नाही.’ सुकी मासळी बंद, लोणचं बंद, पापड बंद. बेकरीचा पावसुद्धा बंद, कारण त्यातही मीठ. सर्पगंधेच्या गोळ्या रोज दोन. नाही ऐकलं तर एक दिवस अर्धं अंग जाईल, हे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. त्याला नाही सांगितलं!

मे महिन्यात मुंबईला जहाजकंपनीच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं आहे. पास झाला तर पुन्हा जहाज. नापास झाला तर दर्यावरची नोकरी कायमची संपली. म्हणजे चार महिने हातात. त्यातला एक दिवस आज कोंबड्यांना गेला.

१५ जानेवारी

पेज अळणी. चमचा बुडवला, चाटला, चमचा वाटीवर आडवा ठेवला आणि उठला. फेकलेलं परवडलं.

१९ जानेवारी, रविवार

चर्चमधल्या मिसेहून येताना डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, दुपार-रात्र मी निभावते. ओलं खोबरं आहे, मिरची आहे, लिंबू आहे, ताजा मासा आहे. तिरफळं घातली की मीठ नाही हे दोन घास उशिरा कळतं. पण सकाळ? सकाळी आमच्याकडे पेज. पेज म्हणजे भात, पाणी आणि मीठ. त्यातून मीठ काढलं की राहिलं काय?

डॉक्टर हसले. ‘बाई, तुम्ही शिक्षिका आहात. शोधा काहीतरी. मिठाची आठवणच येणार नाही असं.’

शोधा! हे शाळेच्या तपासनिसासारखं बोलणं झालं. करून कोण दाखवणार?

२४ जानेवारी

हा चोवीस वर्षं कुक, पण माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. उंबऱ्यावर उभा राहतो, चौकटीला खांदा लावून, आणि तिथून चुका काढतो. ‘विस्तव मोठो केलंस.’ ‘नारळ असो खवतत?’ म्हटलं, मग ये ना आत, घे खवणी! तर वळून चालू लागला. साहेबांपुढे रांधताना हात झिजले नाहीत, बहिणीच्या चुलीपाशी यायला कमीपणा!

आज त्याच्या बोटांना खाऱ्या बांगड्याचा वास आला. मला नाक नाही की काय?

‘खंय खाल्लंस?’

‘खंय नाय.’

नर्मदा मासे घेऊन आली तिला दटावलं, याला सुकं देऊ नकोस. तर म्हणते, ‘मास्तरनीबाय, देवाशपथ माझ्याकडसून नाय गेलां.’ मग कोणाकडून?

२ फेब्रुवारी, रविवार

प्यायला! पूर्ण पेला! देवा, तुझे उपकार.

नारळाचा दाट रस, त्यात कोकमाचं आगळ, थोडा गूळ, लसणीची अर्धी पाकळी. सकाळी थंडगार. त्याने ओठ पुसले आणि पेला पुढे केला — ‘आनी आसा?’ आणखी होतं. दिलं. आंबटपणा मिठाची जागा घेतो, हे मला आधी का सुचलं नाही! आठवडाभर हेच.

१० फेब्रुवारी

दोनशे वीस. वाढलं! घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो.

डॉक्टरांपुढे मी तोंडपाठ सांगितलं, एक खडा मीठ घरात वापरलेलं नाही, सकाळी फक्त नारळाचा रस आणि आगळ. डॉक्टर लिहायचे थांबले.

‘आगळ कसं करता तुम्ही, बाई?’

सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींवर मुठी-मुठीने मीठ घालतात तेव्हा आगळ सुटतं, टिकतं. गेल्या मेमध्ये मी स्वतः घातलं होतं. शिरोड्याचं जाडं मीठ, सहा मुठी. मोजून. आणि तेच आठ दिवस त्याला दोन-दोन पेले पाजलं!

कायतान हसला. डॉक्टरांच्या खोलीतच, खांदे हलवून. दीड महिन्यात पहिल्यांदा हसला तो माझ्या फजितीवर. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. दुपारी शाळेत तिसरीच्या अख्ख्या वर्गाला उभं केलं, कारण आता आठवतही नाही.

१९ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आज पाद्रींनी कपाळाला राख लावली आणि ओळीत मागे येऊन गुडघे टेकले तेव्हा मी काय मागितलं, ते इथे लिहिते. दुसरीकडे कुठे सांगणार?

मी मागितलं — त्याचं प्रेशर उतरू दे आणि त्याला जहाजावर जाऊ दे.

त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी! आई गेल्यापासून एकोणीस वर्षं मी या घरात एकटी राहिले. माझी खुर्ची, माझा कंदील, माझं वर्तमानपत्र. आता खुर्चीत तो, वर्तमानपत्र त्याच्या हातात, ओसरीभर विडीची थोटकं, आणि सकाळी उठल्याबरोबर माझ्या डोक्यात एकच — आज याला काय द्यायचं? वर्षातून एकदा महिनाभर यायचा तेव्हा तो मला फार आवडायचा. चार महिने मी त्याला सोसू शकत नाही. उपासाच्या पहिल्या दिवशी हे लिहिते आहे. लिहिलं.

२६ फेब्रुवारी

त्याच्या पेटीत औषधाची चिठ्ठी शोधत होते. खालून डबा निघाला. पत्र्याचा, चौकोनी, वर बगळ्यांचं चित्र. उघडला तर सुकलेली हिरवी पानं. वास वाळलेल्या गवतासारखा, थोडा समुद्राच्या शेवाळासारखा.

‘च्याय ती. जपानातली,’ उंबऱ्यावरून म्हणाला. ‘कोबे बंदरात घेतलेलंय. कोण पिणा नाय हयसर.’

मी आपल्या चहासारखा उकळला, चांगला खळखळून. एक घोट घेतला आणि मोरीत जाऊन थुंकले. काडेचिराईत परवडलं!

‘उकळत्या पान्यात घालू नको गो! मेली ती पानां!’ — इतक्या मोठ्याने ओरडला की मी दचकले. पण उंबरा ओलांडला नाही. तिथूनच हात हलवत सांगत राहिला. पाणी उकळलं की पातेलं खाली उतरव. एक ‘आमच्या बापा’ची प्रार्थना म्हण, सावकाश, शाळेतल्यासारखी घाईत नको. मग पानं घाल. दुसरं ‘आमच्या बापा’ झालं की गाळ. बस्स.

केलं तसं. कडवट होता, पण जिभेला धरून ठेवणारा. रंग कैरीच्या पाण्यासारखा.

मग तो बोलतच राहिला! कोबेच्या धक्क्यावर एक म्हातारी बसायची म्हणे, फक्त हा चहा विकायची, आणि गिऱ्हाईक घाई करू लागलं तर किटली झाकून ठेवायची. मी चुलीपाशी, तो चौकटीत. शेवटी म्हणाला, ‘सकाळी त्वांड रिकामा असता, म्हणान मीठ मागता. आधी कडवट दी. मगे गोडसर. जीभ गोंधळतली, मीठ मागूक इसारतली.’

डॉक्टरांच्या तोंडून जे निघालं नाही ते याच्या तोंडून निघालं. दोन महिने कुठे होतं हे शहाणपण?

२७ फेब्रुवारी

चहात गरम दूध. फाटलं नाही, पण चव धुतलेल्या फडक्याची. त्याने वास घेतला आणि फेकलं.

१ मार्च

गार चहा, नारळाचा रस, लिंबू. फुटला! वर पांढऱ्या गुठळ्या, खाली हिरवं पाणी. मीच फेकला, त्याला दाखवला नाही.

४ मार्च

केळी कुस्करून घातली. काळी पडली. ‘रंग बघ गो! बंदराच्या खांबाक आसता तसो.’ अर्धा पेला प्यायला, दया म्हणून. मला दया नको आहे!

हाताला पाट्याचे घट्टे पडलेत. खडू धरताना दुखतात.

६ मार्च

जमलं. जमलं!! विसरण्याआधी लिहून ठेवते.

चहा त्याच्या पद्धतीने, मग माठाशेजारी ठेवून पूर्ण गार. दोन वेलची केळी, साल काळी न पडलेली, आयत्या वेळी सोलायची. सात-आठ ओले काजूगर, सोलून, पाट्यावर लोण्यासारखे वाटून. नारळाचा दुसरा रस, पातळ, पहिला नको, जड होतो. सुपारीएवढा गूळ. सगळं रवीने घुसळायचं, फेस येईपर्यंत, आणि लगेच द्यायचं. घड्याळाची पाच मिनिटं गेली तर रंग जातो.

पहिला घोट, थांबला. दुसरा. मग पेला रिकामा.

‘बरा आसा.’

मी पेला उचलला. मागून पुन्हा — ‘बरा आसा गो, बाय.’

चोवीस वर्षांच्या कुकने दोनदा बरा म्हटलं. शाळेत आज एकालाही ओरडले नाही.

१६ मार्च, रविवार

एकशे ऐंशी. बूट चढले पायात! डॉक्टर म्हणाले, चहा पातळ असू दे, पण चालू ठेवा. मी रस्त्याने जवळजवळ पळत आले. तो मागे राहिला, सावकाश. मुठीत टोपी चुरगाळत.

२५ मार्च

काय करू या माणसाचं!

शाळा लवकर सुटली म्हणून मागच्या वाटेने आले, माडांतून. कार्मेलिनाच्या पडवीत बसलेला! पुढ्यात पेजेची वाटी, पानावर भाजलेला खारा बांगडा. माझा पेला सकाळी पिऊन, ‘फिरून येतंय’ म्हणून निघतो तो इथे येतो! किती दिवस? जानेवारीपासून?

कार्मेलिना — तिचा नवरा ह्युबर्ट याच्याच जहाजावर होता, याच्या हाताखाली. गेल्या जूनमध्ये भर समुद्रात तापाने गेला. त्याची पेटी कायतानच घेऊन आला नाताळात. वर्षही झालं नाही, अजून काळ्या कपड्यांत आहे बिचारी. पण बिचारी म्हणून तिने माझ्या भावाला मारायचं?

मी अंगणातूनच ओरडले. काय काय बोलले, सगळी वाडी बाहेर आली. तिने नुसतं वर पाहिलं.

‘बस गो जुलिया. पेज घेतंस?’

पेज घेतंस! मी पानावरचा बांगडा उचलला आणि माडांत भिरकावला.

‘भूक लागली,’ एवढंच कायतान म्हणाला, घरी आल्यावर. काजूगर वाटून वाटून माझी बोटं सुजली, आणि याला भूक लागली!

२६ मार्च

कार्मेलिनाला निक्षून सांगितलं, त्याला दारात उभं करू नकोस. ‘तो येता. मी दार धरून उभी रवू?’ म्हणते. डोळे खाली. गुन्हेगारासारखे. असायलाच हवेत.

२७ मार्च

आता मी याला शाळेत घेऊन जाते! सकाळचा पेला पाजला की बरोबर. वर्गाबाहेर व्हरांड्यात खुर्ची, मला दिसेल अशी. शेहेचाळीस वर्षांचा माणूस. गुपचूप आला, हेच आश्चर्य.

हेडमास्तर गंगाराम गुरुजी चष्म्यावरून बघत राहिले. ‘बाई, हे नवीन विद्यार्थी कोण?’

‘माझा भाऊ. पथ्यावर आहे.’

‘असं असं. हजेरीत घ्यायचं का?’

सगळे हसले. हसू देत.

२ एप्रिल

मधल्या सुटीत मुलं त्याच्याभोवती. भिंतीवरच्या नकाशावर छडीने बंदरं दाखवतो — एडन, सुवेझ, मार्सेल्स, कोबे. मला भूगोल शिकवताना कधी इतकी शांतता मिळाली नाही. एका मुलीने विचारलं, ‘तुमी परत कदी जातलास?’ छडी ठेवली आणि पाणी प्यायला गेला. घंटा झाली तरी माठापाशीच उभा.

गोळ्यांनी माणूस सुस्त होतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

६ एप्रिल, ईस्टर

सणाचं जेवण, आणि त्यात मीठ नाही! सगळं खाल्लं त्याने, मुकाट. आता तक्रारही करत नाही. करत होता तेव्हा राग यायचा, आता नाही करत तर त्याचाही येतो. एकशे साठ.

२० एप्रिल, रविवार

एकशे अठ्ठेचाळीस!! डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, इंग्रजीत, शिक्का मारून. ‘बाई, हे श्रेय माझं नाही. हे तुमच्या न्याहारीचं.’ मला इतकं बरं वाटलं की डोळे भरले. चार महिन्यांत कोणी पहिल्यांदा काही चांगलं बोललं.

चिठ्ठी त्याच्या हातात दिली. वाचली. घडी घातली. पुन्हा उघडून वाचली.

‘म्हंजे माका घेतले.’

‘घेतीलच! घेतल्याशिवाय राहतील?’

‘बरा,’ म्हणाला.

एवढंच? नाचायला हवं होतं! मी याच्यासाठी हाताची सालटी काढली आणि हा म्हणतो, बरा.

४ मे, रविवार

गेला. वेंगुर्ल्याच्या बंदरातून, सकाळच्या बोटीने. होडीत बसून बोटीपर्यंत जायचं, तर पाय टाकताना दोनदा मागे घेतला. होडीवाला ओरडला, ‘चला, पाव्हण्यानू!’ मीही म्हटलं, ‘चढ रे लवकर.’ पुरचुंडीत उरलेला चहा दिला, पद्धत कागदावर लिहून दिली — त्यालाच त्याची पद्धत! मुंबईत धोबीतलावला गावच्या दर्यावर्दींची खोली आहे, तिथे उतरेल. दहा तारखेला डॉक्टर, लगेच सही, लगेच जहाज.

हात हलवला नाही. मीच हलवत राहिले.

घरी येऊन मीठ घातलेली पेज केली. बांगडा भाजला. माझ्या खुर्चीत बसून पोटभर खाल्लं. माझं घर!

६ मे

सुटी. घर झाडलं. विडीची थोटकं सगळी काढली. सकाळी डोळे उघडले आणि चहा गार करायला ठेवायला उठले. मग आठवलं. चिडले स्वतःवर.

८ मे, गुरुवार

दुपारी कार्मेलिना आली. मार्चपासून आमचं बोलणं नव्हतं. पायरीवरच बसली, आत येईना. ये म्हटलं तरी येईना.

‘जुलिया, तुका एक सांगूचा आसा. मारलंस तरी चलात.’

मी तिच्याशेजारी पायरीवर टेकले.

‘ह्युबर्ट तापान मरूक नाय.’

ती जशी बोलली तशीच लिहिते, एकही शब्द मला बदलायचा नाही.

जूनच्या वाऱ्यात जहाज कललं. चुलीवरची तेलाची कढई ह्युबर्टच्या अंगावर आली. छातीपासून खाली सगळं भाजलं. चार दिवस जगला. ‘कायतान थंयच होतो. पन त्याका लागी बसूक गावला नाय गो. साहेबांची न्याहारी, साहेबांचा जेवान. घंटा वाजली की चुलीकडे. एकटोच रांदूक उरलेलो. भित्तीपलीकडे ह्युबर्ट हाका मारी होतो — कायतान, ये रे, बस रे. चवथ्या दिसा सकाळी हो अंडी तळी होतो. सगळ्यांका वाढून मगे धावत गेलो. तवसर हाक बंद.’

कंपनीने पत्रात ताप लिहिला. कायतानने नाताळात आल्या दिवशी तिला खरं सांगितलं, तिच्या पायांशी बसून.

‘तेच्या उपरांत त्याका चुलीकडे उभ्या रवाक जमना नाय. तुझ्या रांदपाच्या खोलीत तो पाय घाली नाय, बघलंस मां? तेलाचो वास इलो की उठान भायर जाता.’

बघितलं होतं. चार महिने रोज बघितलं. कमीपणा म्हणाले मी त्याला.

‘माझ्याकडे पेजेक येय नाय तो. मिठाक येय. प्रेशर वाढला तर माका घेवचे नाय, म्हनी. जहाजार जावचा नाय असा कोनाक सांगतलंय? बाय भित्रो म्हनतली. गाव हसतलो.’

‘आणि तू वाढत होतीस? डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक होतं तुला?’

‘ठावक होता.’ ती रडली नाही, पदराचं टोक नुसतं पिळत होती. ‘एक दर्यान नेलो. दुसरो तरी घरात रवांदे, असा वाटला. मगे भंय वाटा. त्याका कायतरी झाला तर? रोज वायच वायच मीठ कमी घाली होतंय. त्याका कळा नाय. तू त्याका शाळेत घेवन गेलंस, तेवा बरा वाटला. आनी वायटय वाटला.’

मग म्हणाली, ‘आता तुझ्या हातान तो बरो झालो. आनी गेलो.’

ती गेल्यावर मी पाट्यापाशी जाऊन बसले. तो बरा झाला. माझ्या हातांनी. वाटून वाटून, घुसळून घुसळून मी त्याला त्याच चुलीपुढे उभं राहायला पाठवलं. राखेच्या बुधवारी मागितलं होतं ना? मिळालं!

चार महिन्यांत मी त्याला हजार गोष्टी विचारल्या. गूळ कमी झाला का? केळं पिकलेलं होतं का? कुठे गेला होतास, काय खाल्लंस, कोणाकडे? तुला जायचं आहे का — हे एकदाही नाही. सुचलंच नाही मला.

९ मे

पोस्ट उघडण्याआधी जाऊन उभी राहिले. तार — सही करू नको. घरी ये. जुलिया. पोस्टमास्तर म्हणाले, कोणी आजारी आहे का, म्हणजे तातडीची करू. म्हटलं, करा. आजारी आहे म्हणा. मीच आहे.

पत्ता धोबीतलावच्या खोलीचा. उद्या डॉक्टरांपुढे उभा राहील. पोचेल का?

१० मे

उत्तर नाही. रात्रीचा ताप आहे की नुसतीच झोप नाही, कळत नाही. कार्मेलिना न विचारता पेज ठेवून गेली.

१२ मे

उत्तर नाही. पोस्टमास्तर मला लांबून पाहूनच मान हलवतात. सही केली असणार. जहाज सुटलं असणार. दोन दिवस आधी ती आली असती तर! नाही — तिच्यावर ढकलते आहे. तीच तेवढी त्याचं ऐकत होती. मी त्याला व्हरांड्यात खुर्ची दिली.

पावसाच्या आधीच्या मोठ्या लाटा सुरू झाल्यात. बोटी आता पंधरवडाभरच.

१४ मे, बुधवार

बोटीतून उतरला.

मी बंदरावर गेलेच नव्हते. माडांतून चालत आला, पेटी खांद्यावर, दाढी वाढलेली. पायरीवर बसला.

‘पास झालंय,’ म्हणाला. ‘सही करूचा म्हनान पेन दिल्यानी हातात. ठेवलंय परत. माका जावचा नाय म्हटलंय. साहेबाच्या तोंडार.’

पाणी दिलं.

‘म्हणजे माझी तार मिळाली तुला.’

‘तार?’ वर बघितलं. ‘खंयची तार?’